मामंजींचा साहेब

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गडहिंग्लजच्या घरी एक गोष्ट चारचौघांत आवर्जून सांगितली जायची. मुलाचे वडील दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते. माझ्या वडिलांनी मनात धरलं होतं की व्याही विमान चालवत असणार. साखरपुड्याला मामंजी, म्हणजे माझे सासरे, आले तेव्हा वडिलांनी चहाबरोबर विषय काढलाच. मामंजी म्हणाले, "न्हाय वो पावणं. उडिवणारी येगळी. ती परमुलखातली पोरं. आमी आपली खाली ऱ्हाऊन इमानं पुसायची." आणि लगेच त्यांनी उसाच्या दराची गोष्ट काढली.

त्यानंतर तीस वर्षं मी त्या घरात नांदले, पण युद्धाचा विषय पुन्हा निघाला नाही. मामंजी मूळचे कुरुंदवाडकडचे, शेतकरी घरातले. लढाई संपल्यावर ते गावी परतले नाहीत. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांनी लेथचं वर्कशॉप टाकलं. माझा नवरा कॉलेज संपवून तिथंच उभा राहिला. बापलेक दिवसभर एका पत्र्याखाली आणि रात्री एका पंगतीला, पण बोलणं मापाचं, मालाचं आणि गिऱ्हाइकाचं. मामंजी कडक नव्हते. कुणावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. ते फक्त बोलत नसत. घरात टेलिफोन आला तेव्हापासून त्याची घंटा वाजली की ते उठून मागच्या दारी जायचे. आम्हाला वाटायचं, जुना माणूस, संकोच वाटत असेल.

त्यांचे दोन्ही तळहात भाजलेले होते. कातडी ताणलेली, चकचकीत. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटायची नाहीत, भाकरी मोडताना ते डावा हात वापरायचे. फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचा रस सांडला होता, असं सासूबाईंनी मला सांगितलं होतं. त्यांना तसंच सांगितलं गेलं असणार.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरात मामंजींची आठवण विस्कटायला लागली. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या. मग एके दिवशी दूध आणायला म्हणून गेले आणि मागच्या गल्लीत परक्याच्या ओसरीवर जाऊन बसले. त्या घरच्या बाईनं हाताला धरून आणून सोडलं. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. दिवसभर घरात आम्ही दोघंच. तीस वर्षं ज्या माणसाशी मी 'जेवायला वाढलंय' आणि 'औषध घेतलं का' यापलीकडं बोलले नव्हते, त्याची आंघोळ, नखं, कपडे सगळं आता माझ्याकडं आलं. पहिले काही दिवस आम्हाला दोघांनाही लाज वाटली. मग त्यांची लाज विसरण्यात गेली आणि माझी कामात.

आमचं नवं घर उजळाईवाडीच्या बाजूला आहे. विमानतळ जवळच. त्या वेळी रोजची विमानं नव्हती. कधी एखाद्या पुढाऱ्याचं लहान विमान उतरायचं, कधी आठवडाभर काहीच नाही. पण आवाज आला की मामंजी असतील तिथून उठायचे आणि जिना चढून गच्चीवर जायचे. विमान दिसेनासं होईपर्यंत बघत उभे राहायचे, आणि दिसेनासं झाल्यावरही उभेच. मी हाताला धरून खाली आणायची.

त्याच सुमाराला त्यांनी काचा पुसायला सुरुवात केली. खिडक्यांच्या, कपाटाच्या, टीव्हीच्या. धोतराच्या सोग्यानं सकाळपासून घासत बसायचे. एकदा माझ्या नाकावरचा चष्माच काढून घेतला. मला राग आला. मी म्हटलं, "मामंजी, स्वच्छ हाय की तो! किती पुसायचं?"

ते काच उजेडाकडं धरून बघत होते. म्हणाले, "एवढा एक ठिपका ऱ्हायला तरी चालत न्हाय. वर गेल्यावर साहेबाला त्यो ठिपका दुश्मनाचं इमान वाटतंय. मान वळवून वळवून बघतंय पोरगं. आनि खरं इमान येतंय तवा त्येला ठिपका वाटतोय."

मी हातातली भाजी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले. त्या दिवसापासून ते बोलू लागले. सलग कधीच नाही. एखादं वाक्य सकाळी आंघोळीच्या पाटावर, पुढचं चार दिवसांनी जेवताना. मी जोडत गेले.

ब्रह्मदेशाच्या सीमेवर, जंगल तोडून सपाट केलेल्या लाल मातीच्या पट्टीवर त्यांची तुकडी होती. विमानं एका माणसाची, लढाऊ. चालवणारी पोरं समुद्रापलीकडची. कुणी कॅनडाचं, कुणी ऑस्ट्रेलियाचं, कुणी न्यूझीलंडचं. महिनोन् महिने बोटीनं प्रवास करून आलेली, मिसरूड नुकतं फुटलेली. "आमच्याच वयाची," मामंजी म्हणायचे, "पर आमच्यापरास बारकी दिसायची." एकानं माकडाचं पिल्लू पाळलं होतं. एकाला आईनं पाठवलेल्या केकचा डबा आला, तो उघडला तर आत नुसती बुरशी, तरी त्यानं बुरशी खरवडून सगळ्यांना वाटला. हिवतापानं अंग फणफणलेलं असतानाही पोरं उडायची. पहाट व्हायच्या आधीपासून विमानांशेजारी बांबूच्या खुर्च्या टाकून बसायची. कुणी पत्ते, कुणी पुस्तक, पण लक्ष तंबूतल्या टेलिफोनकडं. घंटा वाजली की खुर्च्या उलट्यापालट्या करत पळायची.

"घंटा वाजली की हातातला घास हातातच ऱ्हायाचा बघ," ते म्हणाले. "त्येंच्या बी, आमच्या बी."

ज्या दिवशी एखादं परत यायचं नाही, त्याची खाट संध्याकाळच्या आत काढून न्यायचे. कपडे, बूट, फोटो एका पेटीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवं पोरगं यायचं आणि त्याच जागी खाट पडायची. माकडवालं पोरगं गेलं तेव्हा पिल्लाचं काय झालं, हे मी विचारलं. मामंजींनी बराच वेळ आठवून पाहिलं. "बसलं हुतं की खुर्चीवर," एवढंच म्हणाले.

मामंजींकडं एक विमान होतं आणि त्या विमानाचा एक साहेब. न्यूझीलंडचं पोरगं, घरी मेंढरांचे कळप. त्याला आमची भाषा येत नव्हती, मामंजींना इंग्रजी चार शब्दांचं. काम ठरलेलं. साहेब पंखावर चढून आत बसला की मामंजी वरून वाकायचे आणि त्याचे पट्टे बांधायचे. दोन खांद्यांवरून, दोन मांड्यांवरून. चारीही पट्टे छातीवर एका खिटीत अडकवायचे आणि आवळायचे. नीट आवळले नाहीत तर विमान उलटं झाल्यावर माणूस डोक्यावर आपटतो. आवळून झाले की साहेब अंगठा दाखवायचा.

त्या साहेबाचा तुकडीत मोठा दबदबा होता. त्यानं शत्रूची विमानं पाडली होती. वरचे अधिकारी नव्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे. पण रोज पहाटे विमानात चढण्याआधी तो शेपटीमागं जायचा आणि ओकायचा. रोज. मामंजी त्याच्यामागं जायचे आणि पायानं त्यावर माती लोटायचे, दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. त्यावर दोघंही कधी काही बोलले नाहीत. बोलणार तरी कुठल्या भाषेत?

"भित्रा न्हवता," मामंजी मला बजावून सांगायचे, जणू मीच तसं म्हटलं होतं. "भित्रा असता तर वर गेला नसता. ह्यो रोज जायाचा."

मी हे संध्याकाळी नवऱ्याला सांगायला जायची. ते वर्कशॉपमधून दमून आलेले असायचे. म्हणायचे, "अगं, डोकं फिरलंय त्यांचं. कुठलं तरी वाचलेलं, ऐकलेलं बोलत असतील. तू ऐकत बसू नको, आणखी वाढतं त्यानं." एकदा रागानंच म्हणाले, "मला कधी बोलले नाहीत ते असलं काही." वडील डोळ्यांदेखत संपत चालले होते, ते बघवत नसावं असं मी समजून घेतलं.

मग गाडीचा प्रकार झाला. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं गडहिंग्लजला. आम्ही नवी गाडी घेतली होती. हे चालवत होते, मी पुढं, मामंजी मागं. नव्या जाकिटात ते खुशीत होते. कागल गेलं आणि पुढं पोलीस उभे दिसले. हे म्हणाले, "बेल्ट लाव." मी पट्टा ओढून खटकन अडकवला.

मागून मामंजींनी एकदम माझ्या खांद्याला धरलं. मला वाटलं त्यांना उलटी होतेय. पण ते दोन्ही हातांनी पट्टा ओढत होते. त्यांची ती न मिटणारी बोटं माझ्या गळ्याशी खरडत होती. "सोड! सोड! आरं सोडा कुनीतरी!" असं ओरडत होते, आणि मधूनच इंग्रजीत, "सर! सर!" ह्यांनी गाडी कडेला घेतली. मी पट्टा काढला तरी ते थांबेनात. मागच्या दारानं उतरून त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं, उसाच्या फडापर्यंत फरफटत नेलं आणि तिथं मातीत बसून ते लहान मुलासारखे रडले. पोलीस पळत आले. "काय झालं पावणं?" म्हणून विचारू लागले.

लग्नाला आम्ही गेलो नाही. गाडी परत फिरवली. येताना कुणीच पट्टा लावला नाही. ह्यांनी एका हातानं गाडी चालवली आणि दुसऱ्या हाताच्या पालथ्या मुठीनं डोळे पुसले, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. माझ्या गळ्यावरचे ओरखडे आठवडाभर होते.

त्यानंतर मामंजींचा एक नवाच प्रश्न सुरू झाला. दिवस कलला की गच्चीवरून विचारायचे, "साहेब आलं का?"

सुरुवातीला मी म्हणायची, "कोण साहेब, मामंजी? इथं कुणी नाही." त्यावर ते आणखी कासावीस व्हायचे. मग मी नुसतं "नाही" म्हणून पाहिलं. तेव्हा ते खाली यायलाच तयार होईनात. अंधार पडून थंडी वाजायला लागली तरी आकाशाकडं तोंड करून उभे. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्या मनासारखं उत्तर द्या, वाद घालू नका. मलाही ते पटलं. खोटं बोलून म्हाताऱ्याला दोन घास सुखाचे मिळणार असतील तर बिघडलं कुठं?

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, तशी मी म्हटलं, "आले की साहेब. जेवून झोपलेसुद्धा. चला आता, आपण पण जेवू."

ते वळले. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडं असं ओळखीच्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

"खोटं बोलू नगं, सूनबाई," ते म्हणाले. "मी बघितलं की जळताना."

मी कठड्याला टेकले. ते शांत होते. कपडे वाळत घातलेल्या दोरीला धरून उभे राहिले आणि त्या एकाच वेळी त्यांनी सगळं सलग सांगितलं, एकदाही न अडखळता.

त्या दिवशी पहाटे साहेब ओकला नाही. मामंजींना तेच खटकलं. आत बसल्यावर मामंजी पट्टे बांधायला वाकले तेव्हा साहेबानं त्यांचा हात धरला. मान हलवली. नको म्हणून. एकदाच, बारीक. आजूबाजूच्या विमानांची इंजिनं सुरू झाली होती, फुफाटा उडत होता, अधिकारी हातवारे करत होता. मामंजींनी हात सोडवून घेतला आणि पट्टे आवळले. रोजच्यापेक्षा जास्त आवळले, कारण पोरगं थरथरत होतं आणि घट्ट बांधलं की थरथर थांबेल असं त्यांना वाटलं. साहेबानं अंगठा दाखवला नाही. तसाच गेला.

"परत आला ग," मामंजी म्हणाले. "आला न्हाय असं न्हाय. आला."

विमान झेलपाटत आलं. चाकं उघडली नव्हती. पोटावर घसरत आलं, नाकावर उभं राहिलं आणि पेट घेतला. मामंजी सगळ्यांत आधी पोचले. वरची काच त्यांनी मागं सरकवली. साहेब शुद्धीवर होता. मामंजींनी खिटी ओढली, पण आदळल्यानं ती वाकली होती. चारी पट्टे ताठ झाले होते. त्यांच्याकडं चाकू नव्हता. ते नुसत्या हातांनी ओढत राहिले. साहेब त्यांच्या तोंडाकडं बघत होता आणि काहीतरी बोलत होता. काय बोलत होता, ते त्यांना कळलं नाही. मग मागून कुणीतरी कमरेला धरून त्यांना ओढून काढलं. त्यांनी पुन्हा जायला झटापट केली, तेव्हा दोघांनी त्यांना मातीत दाबून धरलं.

"जरा ढिलं बांधलं असतं," ते म्हणाले, "तर निसटला असता."

मी म्हटलं, "मामंजी, खिटीच वाकली होती. तुम्ही काय करणार?"

मग मी विचारलं, "त्यांचं नाव काय हो होतं?"

"साहेब."

"तसं न्हवं. नाव?"

त्यांचे ओठ हलू लागले. दोरी सोडून त्यांनी कपाळावर हात ठेवला. "म्हाईत हुतं की," ते म्हणाले. "म्हाईत हुतं मला. आत्ता आत्तापतोर म्हाईत हुतं." आणि मग घाबरून माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना खाली आणलं. ताटातला भात तसाच राहिला.

ह्यांना मी त्याच दिवशी एवढंच सांगितलं की आप्पांचे हात फौंड्रीत भाजले नव्हते. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मी सोडून. ह्यांचं जेवण झालं होतं, हात धुवायला उठत होते, ते तसेच बसले. मी पुढं काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

दुसऱ्या दिवसापासून हे दुपारीच वर्कशॉप बंद करून येऊ लागले. इतकी वर्षं सुटीच्या दिवशीही कुलूप न लावणारा माणूस. दोन खुर्च्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. बाप एका खुर्चीत, लेक दुसऱ्या. हे त्यांचे हात हातात घ्यायचे आणि विचारायचे, "आप्पा, हे कशानं भाजलं? सांगा की. मी हाय." मामंजी परक्या माणसाकडं बघावं तसं बघायचे. कधी म्हणायचे, "बसा, बसा. च्या घेणार?" ह्यांनी इंग्रजीत बोलून पाहिलं. विमानांचे फोटो आणून दाखवले. मामंजींनी एका फोटोवरची धूळ पुसल्यासारखा अंगठा फिरवला आणि तो परत दिला.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ऐकायची. मनातून मलाही वाटायचं, एकदा, फक्त एकदा बोलावं त्यांनी. पण गच्चीवरच्या त्या संध्याकाळनंतर मामंजींनी युद्धाचा एक शब्द काढला नाही. साहेब आलं का, हेसुद्धा विचारलं नाही. आवाज आला तरी वर बघेनासे झाले. मग बोलणंच आटलं. जेवण आटलं. थंडीचे दिवस होते. सकाळी मी गरम पाणी घेऊन गेले तर ते भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि अंग गार होतं. दोन्ही हात उशीखाली होते.

बाराव्याच्या आदल्या दिवशी घर भरलेलं होतं. कुरुंदवाडची भावकी, माझ्या माहेरची माणसं, उद्यमनगरातले जुने कारागीर. हे मागच्या खोलीत धान्याच्या पोत्यांवर एकटेच बसले होते. मी काही आणायला आत गेले तर म्हणाले, "दार लाव. आता सांग मला."

मी दार लोटलं आणि सांगितलं. माकडाच्या पिल्लापासून सगळं. ओकारीवर लोटलेली माती, आवळलेले पट्टे, साहेबाचं न कळलेलं बोलणं. हे खाली मान घालून ऐकत होते. मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी मशीनच्या पट्ट्यात माझी बाही अडकली होती. आप्पांनी धावत येऊन बाही फाडली आणि माझ्या थोबाडीत दिली. सगळ्या कामगारांसमोर. तीच एकदा. मी त्यांना ते कधी माफ केलं नव्हतं."

मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले. बाहेरून आचारी हाक मारत होता, उद्या पानं किती धरायची म्हणून. दुसऱ्यांदा हाक आली तसे हे उठले, तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर गेले.